बोलावणाऱ्याचे दायित्व : परदेशी नोकरी, ‘स्पॉन्सर’ मालक आणि आपली मुले



ज्यांच्या पुण्यस्मृतीप्रीत्यर्थ आपण दरवर्षी या सभागृहात जमतो, त्या गुरुजींची एक सवय आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. शाळा सोडल्याचा दाखला देताना ते विद्यार्थ्याला तो उभ्याउभ्या वाचायला लावीत. नाव, जन्मतारीख, आईवडिलांचे नाव सारे मोठ्याने वाचून झाल्याखेरीज ते सही करू देत नसत. “कागद वाचल्यावाचून घेऊ नये आणि वाचल्यावाचून देऊ नये,” असे ते म्हणत. आजच्या व्याख्यानाचा विषय निवडताना मला त्यांच्या याच शिस्तीची आठवण झाली.

विषय परदेशातील नोकरीचा आहे. पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांतून परदेशी जाणारे असे कितीसे, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. तरीही सीमा ओलांडून पोट भरणे म्हणजे काय, हे आपल्याला नव्याने शिकायला नको. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यातील आपला मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. घरी मराठी आणि कचेरीत हिंदी, ही आपली रीत तेव्हापासूनची. दवाखाना नागपूरला, सोयरिक वरुड-सावनेरला आणि सातबाऱ्याऐवजी खसरा-खतौनी, हे आपले जिणे. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी सीमेवरचे हे जिणे पालटलेले नाही. पलीकडे गेलेल्या माणसाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न आपल्या दाराशी नेहमीच उभा असतो. परदेशात जाणाऱ्याच्या बाबतीत तो अधिक तीव्र होतो, एवढेच.

एका विद्यार्थ्याची हकीगत

काही वर्षांपूर्वी आपल्याच शाळेतून दहावी उत्तीर्ण झालेला आणि पुढे आयटीआयमध्ये वेल्डिंगचा अभ्यासक्रम केलेला एक मुलगा निघण्यापूर्वी मला भेटायला आला होता. आखाती देशात नोकरी लागली म्हणून पेढे घेऊन आला होता. त्याच्या वडिलांनी संत्र्याच्या बगीच्यावर कर्ज काढून एका दलालाला दीड लाख रुपये दिले होते. पावती नव्हती. करारपत्र इंग्रजी व अरबी भाषेत होते आणि ते त्याला समजले नव्हते. मी पेढा खाल्ला, आशीर्वाद दिला आणि करारपत्र वाचून पाहिले नाही. ही चूक माझी, आणि ती मी येथे जाहीरपणे कबूल करतो.

पुढचे थोडक्यात सांगतो. तेथे पोचल्यावर त्याचा पासपोर्ट मालकाच्या माणसाने काढून घेतला. व्हिसावर काम वेल्डरचे नव्हते, घरगुती वाहनचालकाचे होते. पगार सांगितल्याच्या निम्मा निघाला, आणि तोही दोन-दोन महिने रखडे. नोकरी सोडायची तर मालकाची संमती हवी, आणि न सांगता निघून गेला तर ‘पळालेला’ म्हणून त्याच्यावर नोंद व्हायची. अखेर भारतीय दूतावासाच्या मदतीने तो अकरा महिन्यांनी परतला. बगीच्यावरचे कर्ज मात्र परतले नाही.

त्या मुलाच्या कागदांत नेमके काय पाहायला हवे होते, ते सांगण्याचा आजचा हा प्रयत्न आहे.

‘स्पॉन्सर’ म्हणजे कोण?

देश सोडून जाण्याला उत्प्रवास आणि परक्या देशात प्रवेश करून राहण्याला आप्रवास म्हणतात. एकच माणूस आपल्या सरकारच्या दृष्टीने उत्प्रवासी असतो आणि त्या देशाच्या दृष्टीने आप्रवासी. म्हणजे त्याच्यावर दोन राज्यांचे दोन कायदे एकाच वेळी लागू असतात.

नोकरीसाठी येणाऱ्या परक्या माणसाला बहुतेक देश थेट दार उघडत नाहीत. ते विचारतात, तुला बोलावले कोणी? जो बोलावतो त्याला ‘स्पॉन्सर’ म्हणतात. आपल्या बोलीत सांगायचे तर हा जामीनदार होय. मात्र येथे एक बारकावा आहे आणि आजच्या व्याख्यानाचे सार त्यातच आहे. हा जामीनदार जामीन राहतो तो सरकारकडे, कामगाराकडे नव्हे. “हा माणूस मी सांगितलेलेच काम करील, मुदत संपल्यावर येथे बेकायदा राहणार नाही, आणि त्याचा ठावठिकाणा मी सांगेन,” असे तो सरकारला लिहून देतो. कामगाराला पगार, निवारा, औषधपाणी मिळेल याची हमी या लिखाणातून आपोआप निघत नाही. ती निघते करारातून, त्या देशाच्या कामगार कायद्यातून आणि आपल्या सरकारने घातलेल्या अटींतून.

बैलजोडी घेताना आपण जामीनदार पाहतो. संत्र्याचा बहार झाडावर असतानाच व्यापाऱ्याला द्यायचा तर इसार घेतो आणि चार माणसांसमोर चिठ्ठी करतो. आंबिया बहारासाठी एवढी काळजी घेणारे आपण मुलगा पाठवताना चिठ्ठीसुद्धा वाचत नाही. म्हणून चार प्रश्न ध्यानी ठेवावेत. कागद कोणाच्या ताब्यात राहणार? खर्च कोण करणार? नोकरी सोडता येणार काय? आणि विपरीत घडले तर उत्तर कोण देणार? कोणत्याही देशाचा कोणताही कायदा या चार प्रश्नांवर घासून पाहता येतो.

गिरमिटाचा वारसा

हे प्रश्न आजचे नाहीत. इंग्रजी साम्राज्यात गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर मॉरिशसला नेण्यात येऊ लागले. इंग्रजी ‘अ‍ॅग्रीमेंट’चे लोकांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले. मॉरिशसमध्ये उतरलेल्या मजुरांची संख्या पाच लाखांच्या जवळपास होती. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले कोकणातील मराठी लोकही होते, आणि त्यांचे वंशज आजही तेथे आपली मराठी ओळख जपून आहेत. ते मजूर ज्या धक्क्यावर उतरले, त्या पोर्ट लुई येथील आप्रवासी घाटाला युनेस्कोने २००६ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला.

आपले चार प्रश्न गिरमिटाला लावून पाहावेत. जाण्याचा खर्च मळेवाला करी, म्हणजे वरकरणी व्यवहार उदार होता. पण करार साधारणतः पाच वर्षांचा असे आणि तो मोडणे हा नुसता दिवाणी वाद नव्हता, फौजदारी गुन्हा होता. काम सोडून गेलेल्या मजुराला तुरुंगाची वाट दिसे. करारपत्रावर अंगठा मजुराचा असला, तरी त्या कागदाचा अर्थ लावणारे दुसरेच होते.

या पद्धतीविरुद्ध कायदेमंडळात आवाज उठवला तो नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी. १९१० मध्ये त्यांनी नाताळ वसाहतीसाठी होणारी मजूरभरती बंद करण्याचा ठराव मांडला आणि तो मान्य झाला. मार्च १९१२ मध्ये त्यांनी संपूर्ण गिरमिट पद्धतच रद्द करावी असा ठराव आणला. तो सरकारी मतांच्या बळावर फेटाळला गेला. त्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेला जाऊन तेथील हिंदी लोकांची स्थिती स्वतः पाहून आले. १९१५ मध्ये गोखले निवर्तले. १९१७ मध्ये गिरमिटाची भरती थांबली, आणि १९२० च्या प्रारंभी फिजीतील उरलेले करारही रद्द झाले. ज्या ठरावाचा पराभव झाला, तोच पुढे आठ वर्षांच्या आत इतिहासाने मंजूर केला.

आपला कायदा काय सांगतो?

स्वातंत्र्यानंतरही पुष्कळ काळ १९२२ चाच उत्प्रवास कायदा चालू होता. सत्तरीच्या दशकात तेलाच्या पैशाने आखाती देशांत बांधकामे निघाली, हजारो माणसे जाऊ लागली, आणि दलालांचे पेव फुटले. तेव्हा संसदेने उत्प्रवास अधिनियम १९८३ केला. तो त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेर अमलात आला. या कायद्याने उत्प्रवासी संरक्षक हे अधिकारी नेमले, भरती करणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची केली आणि परदेशी मालकालाही काही बंधने घातली. २०२५ मध्ये या कायद्याची जागा घेऊ शकेल अशा नव्या विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध झाला, पण तूर्त आपण १९८३ च्या कायद्यापुरते बोलू.

या कायद्याची यंत्रणा समजून घेऊ. पासपोर्ट दोन प्रकारचे असतात. एकात उत्प्रवास-तपासणी आवश्यक असते, त्याला ‘ईसीआर’ म्हणतात. दुसऱ्यात ती नसते, त्याला ‘ईसीएनआर’ म्हणतात. ईसीआर पासपोर्टधारक नोकरीसाठी ठरावीक १८ देशांत जात असेल, तर त्याला संरक्षकाची मंजुरी लागते. या यादीत संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कतार, ओमान, कुवेत, बहरीन हे सहा आखाती देश आहेत, तसेच मलेशिया, जॉर्डन, इराक, लेबनॉन इत्यादी देश आहेत. मंजुरी देताना संरक्षक कराराची प्रत, मालकाची मागणी, पगार आणि एजंटाची नोंदणी तपासतो. ही सारी प्रक्रिया ‘ई-मायग्रेट’ या संगणकीय व्यवस्थेतून होते, आणि परदेशी मालकालाही तीत आपली नोंद करावी लागते.

एजंटाने उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३० हजार रुपये आणि त्यावरील कर एवढी आहे, आणि त्याची पावती दिलीच पाहिजे. आपल्या मुलाने दिले दीड लाख, पावतीविना. म्हणजे पहिले पाऊलच कायद्याबाहेर पडले होते.

ईसीआर पासपोर्टवर जाणाऱ्याला ‘प्रवासी भारतीय बीमा योजना’ सक्तीची आहे. २००३ साली सुरू झालेल्या या विम्यात आज अपघाती मृत्यू अथवा कायम अपंगत्वासाठी १० लाख रुपयांचे संरक्षण आहे. हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, अधिक कर. संत्र्याच्या एका क्रेटच्या हिशेबात बसेल एवढाच हा खर्च.

दहावीच्या दाखल्याची दुसरी बाजू

आता मी जे सांगणार आहे, ते शाळेच्या व्यासपीठावरून सांगणे मला विशेष अगत्याचे वाटते. दहावी उत्तीर्ण झालेल्याला ईसीएनआर पासपोर्ट मिळतो. शिकलेला माणूस करार वाचू शकतो, स्वतःचे हित जाणतो, म्हणून त्याला संरक्षकाच्या चाळणीतून जाण्याची गरज नाही, असे यामागचे गृहीत आहे. हे गृहीत सन्मानाचे आहे. पण प्रत्यक्षात होते काय? आपण ज्या प्रमाणपत्राचा सत्कार करतो, ते हाती पडताच विद्यार्थ्याभोवतीचे कुंपण निघून जाते. कराराची तपासणी नाही, एजंटाची शहानिशा नाही, विम्याची सक्ती नाही. आमच्या त्या विद्यार्थ्याचेही तसेच झाले. दहावी नापास असता, तर त्याचा करार किमान एका सरकारी अधिकाऱ्याच्या नजरेखालून गेला असता.

म्हणून दहावीचे शिक्षण म्हणजे करार वाचण्याचे शिक्षणही असले पाहिजे. नाहीतर कायद्याने धरलेले गृहीत आपणच खोटे पाडतो. ईसीएनआर पासपोर्टधारकाला ई-मायग्रेटवर स्वेच्छेने नोंदणी करता येते आणि विमाही घेता येतो. ही नोंदणी सक्तीची नसली, तरी संकटकाळी दूतावासाला आपला माणूस कुठे आहे हे कळण्याचा तो मार्ग आहे. ती करण्यास एक संध्याकाळ पुरते.

आखाती देश आणि ‘कफाला’

आखाती देशांत मालकाच्या जामीनकीच्या पद्धतीला ‘कफाला’ म्हणतात, आणि जामीन राहणाऱ्याला ‘कफील’. मुळात हा शब्द पालकत्वाचा, दुसऱ्याचा भार स्वीकारण्याचा आहे. परंतु कामगाराचे वास्तव्य, नोकरी आणि काही ठिकाणी देश सोडण्याची परवानगीदेखील एकाच कफीलाच्या इच्छेवर अवलंबून राहिली, तेव्हा पालकत्वाचे मालकीत रूपांतर झाले.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत या पद्धतीत बदल झाले आहेत, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. संयुक्त अरब अमिरातीने २००९ पासून पगार बँकेमार्फत देण्याची व्यवस्था सुरू केली, आणि भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करण्यास तेथील कायद्याने मनाई आहे. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली, आणि मार्च २०२१ पासून सर्वांना लागू असे किमान वेतन दरमहा १००० रियाल ठरवले. जेवण व निवास मालक देत नसेल, तर त्यासाठी आणखी अनुक्रमे ३०० व ५०० रियाल द्यावे लागतात. सौदी अरेबियानेही मार्च २०२१ पासून ठरावीक अटींवर नोकरी बदलण्याची मुभा दिली. मात्र घरकाम करणारे, मेंढपाळ, खासगी वाहनचालक यांच्यापर्यंत या सुधारणा सर्वत्र सारख्या पोचलेल्या नाहीत. आमच्या विद्यार्थ्याचा व्हिसा घरगुती वाहनचालकाचा होता, ही गोष्ट म्हणूनच किरकोळ नव्हती. व्हिसावरील व्यवसायाचा शब्द बदलला की लागू होणारा कायदाही बदलतो.

निवासाचे दायित्व किती गंभीर असते, ते १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगाफ येथे दिसले. कामगारांच्या निवासासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीला पहाटे आग लागली आणि त्यात ४५ भारतीय मृत्युमुखी पडले. करारात ‘निवास मोफत’ एवढे दोन शब्द वाचून आपण समाधान मानतो. तो निवास कसा, एका खोलीत किती माणसे, बाहेर पडण्याचे मार्ग किती, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

पासपोर्टाविषयी एक गोष्ट प्रत्येकाने पाठ करावी. भारताच्या पासपोर्ट अधिनियम १९६७ नुसार पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता असते. तो मालकाचा नाही, दलालाचा नाही, काटेकोरपणे पाहता आपलाही नाही. आपण त्याचे धारक. म्हणून तो दुसऱ्याने ठेवून घेणे हा आपल्या सोयीचा प्रश्न नसून राज्याच्या मालमत्तेचा प्रश्न आहे.

विलायत आणि अमेरिका

आता आपल्या शिकलेल्या मुलामुलींकडे वळू. परिचारिका, संगणक अभियंते, वैद्यकीय तंत्रज्ञ हे बहुधा ब्रिटन वा अमेरिकेकडे पाहतात. तेथे कफाला नाही, तरी स्पॉन्सर आहेच.

ब्रिटनमध्ये २००८ पासून परदेशी कर्मचारी नेमू इच्छिणाऱ्या मालकाला गृहखात्याकडून स्पॉन्सर-परवाना घ्यावा लागतो. परवान्यानंतर तो प्रत्येक उमेदवारासाठी प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र देतो. हे प्रमाणपत्र म्हणजे छापील कागद नसून सरकारी संगणकावरील एक क्रमांक असतो. कुशल कर्मचाऱ्याच्या व्हिसासाठी सर्वसाधारण किमान वार्षिक वेतन २२ जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड आहे, किंवा त्या व्यवसायाचा ठरलेला दर अधिक असेल तर तो. काही गटांना यात सवलती आहेत. त्याच दिवसापासून वृद्ध व आजारी लोकांच्या सेवेसाठी लागणाऱ्या ‘केअर वर्कर’ची परदेशातून नवी भरती बंद झाली. आजही कोणी दलाल त्या नोकरीसाठी ब्रिटनचा नवा व्हिसा देऊ करीत असेल, तर तो काय विकत आहे हे सांगायला नको.

मालकाची कर्तव्ये तेथे स्पष्ट आहेत. त्याने कर्मचाऱ्याच्या पासपोर्टाच्या व व्हिसाच्या प्रती, पत्ता, हजेरी, पगाराची नोंद ठेवायची. कर्मचारी रुजू झाला नाही, सलग १० कामाचे दिवस विनापरवानगी गैरहजर राहिला, पगार घटला, कामाची जागा बदलली किंवा नोकरी संपली, तर ते ठरलेल्या मुदतीत, बहुधा १० कामाच्या दिवसांत, गृहखात्याला कळवायचे. काम करण्याचा हक्क न तपासता माणूस नेमला, तर फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक बेकायदा कामगारामागे ४५ हजार पौंडांपर्यंत दंड आहे, आणि पुन्हा तसेच केल्यास ६० हजारांपर्यंत. कौशल्य-आकार नावाचा कर मालकानेच भरायचा असतो. तो कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही. डिसेंबर २०२४ अखेरपासून परवान्याचे व प्रायोजकत्व-प्रमाणपत्राचे शुल्कही कुशल कर्मचाऱ्याच्या माथी मारण्यास मनाई आहे. व्हिसाचे शुल्क व आरोग्य-अधिभार मात्र उमेदवाराला भरावा लागू शकतो.

हे सारे वाचून वाटेल की तेथे काही वाईट घडणारच नाही. परंतु जामीनकी सरकारकडे असते, हा आपला पहिला मुद्दा येथे आठवावा. मालकाने नियम मोडले, तर सरकार त्याचा परवाना रद्द करते, आणि शिक्षा भोगतो तो कर्मचारी. त्याला साधारणतः ६० दिवसांत नवा स्पॉन्सर शोधावा लागतो, अन्यथा देश सोडावा लागतो. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात ब्रिटनने सेवाक्षेत्रातील ४७० हून अधिक मालकांचे परवाने रद्द केले. त्यांच्याकडे असलेल्या हजारो कर्मचाऱ्यांचा अपराध एवढाच, की त्यांनी चुकीच्या जामीनदारावर विश्वास ठेवला. परवानाधारक मालकांची यादी ब्रिटिश सरकार सर्वांसाठी प्रसिद्ध करते. ती पाहण्यास पैसे पडत नाहीत.

अमेरिकेचा ‘एच-वन-बी’ व्हिसा १९९० च्या कायद्याने आला. वर्षाला ६५ हजार, आणि तेथील उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार, अशी मर्यादा आहे. मालकाने तेथील श्रमखात्याकडे लिहून द्यावे लागते की, या पदासाठी त्या भागात प्रचलित असलेले वेतन मी देईन आणि यामुळे इतर कर्मचाऱ्यांच्या कामाच्या स्थितीवर विपरीत परिणाम होणार नाही. मुदतीपूर्वी कामावरून काढले, तर मायदेशी परतण्याचा वाजवी प्रवासखर्च मालकावर असतो. नोकरी गेल्यावर कर्मचाऱ्याला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवड मिळते. सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने काही नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचा भार आला. परक्या देशाचा नियम एका रात्रीत बदलू शकतो आणि त्यावर आपले मत कोणी विचारत नाही, हे ध्यानी ठेवून घरावर कर्ज काढावे.

आपणही बोलावणारे आहोत

दुसऱ्यांच्या मालकांना नावे ठेवताना आपलाही हिशेब मांडला पाहिजे. भारतात परदेशी कर्मचारी नेमणाऱ्या मालकावरही दायित्व आहे. ज्या साध्या कामासाठी येथे माणसे उपलब्ध आहेत, त्यासाठी नोकरीचा व्हिसा मिळत नाही. काही अपवाद सोडता वार्षिक वेतन १६ लाख २५ हजार रुपयांहून अधिक असावे लागते. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या अशा व्हिसावर आलेल्याने १४ दिवसांत विदेशी नोंदणी कार्यालयात नोंद करायची असते. १९४६ चा विदेशी अधिनियम आणि त्याच्या जोडीचे जुने कायदे जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून आप्रवास आणि विदेशी अधिनियम २०२५ लागू झाला आहे.

परंतु आपल्या भागापुरते बोलायचे, तर खरी कसोटी परदेशी कर्मचाऱ्याची नाही. ती राज्याची सीमा ओलांडणाऱ्या मजुराची आहे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने पाच किंवा अधिक असे कामगार ठेवणाऱ्याला नोंदणी आणि कंत्राटदाराला परवाना सक्तीचा केला. विस्थापन-भत्ता, जाण्यायेण्याचा खर्च, छायाचित्रासह पासबुक, निवारा, औषधपाणी, आणि प्राणघातक अपघात झाल्यास दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना व वारसांना कळवणे, हे सारे त्यात होते. व्हिसाखेरीज स्पॉन्सरची सगळी कर्तव्ये त्यात होती असे म्हणता येईल. कागदावर इतका चांगला कायदा आणि व्यवहारात इतका दुर्लक्षित, असे उदाहरण विरळा.

८ मे २०२० च्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळावर झोपलेल्या १६ मजुरांच्या अंगावरून मालगाडी गेली. ते जालन्याहून पायी घराकडे निघाले होते. ते मध्य प्रदेशचे, शहडोल व उमरिया जिल्ह्यांचे होते. महाराष्ट्रात कामाला गेलेली आपल्याच राज्याची माणसे. त्यांच्याकडे पासबुक असते, परतीच्या प्रवासाचा भार कोणावर हे निश्चित असते, तर त्यांना रुळावर झोपावे लागले असते काय? २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला आहे. स्वतःहून आलेला कामगारही आता स्थलांतरित मानला जातो आणि वर्षातून एकदा घरी जाण्याच्या प्रवासभत्त्याची तरतूद आहे. मात्र या तरतुदींसाठी कामगारांची किमान संख्या ५ वरून १० झाली आहे. आपल्या बगीच्यांत संत्री तोडायला, कापूस वेचायला जी माणसे दुरून येतात, त्यांच्या टोळ्या बहुधा लहान असतात. तेथे कायद्याचा हात पोचत नसला, तरी आपला पोचू शकतो. आपल्या मुलासाठी परदेशी मालकाकडून जे मागायचे, ते आपण बोलावलेल्या मजुराला देतो काय, असे प्रत्येक बागाईतदाराने स्वतःस विचारावे.

शाळेने काय करावे?

माझी एक नम्र सूचना आहे. माजी विद्यार्थी संघाने महिन्यातून एका रविवारी या शाळेत दोन तास बसावे. ज्याला परदेशी नोकरीचा कागद आला असेल, त्याने तो घेऊन यावा. आपल्यात वकील आहेत, बँकेचे अधिकारी आहेत, परदेशी राहून आलेले आहेत. त्यांनी तो कागद त्याच्यासमोर मोठ्याने वाचावा. एजंट नोंदणीकृत आहे काय, पावती आहे काय, व्हिसावरील काम आणि करारातील काम एकच आहे काय, पगार कोणत्या चलनात व कोणत्या खात्यात, नोकरी सोडण्याची अट कोणती, परतीचे तिकीट कोणाचे, एवढे तपासावे. निघण्यापूर्वी सर्व कागदांच्या प्रती घरी ठेवाव्यात, आणि त्या देशातील भारतीय दूतावासाचा पत्ता आईच्या हाती लिहून द्यावा. फसगत झालीच, तर २००९ मध्ये स्थापन झालेला भारतीय समुदाय कल्याण निधी दूतावासांकडे आहे, आणि २०१५ पासून ‘मदद’ ही तक्रार-व्यवस्था आहे. दाद मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे, हेही मुलांना सांगावे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला जाम नदीच्या दोन तीरांवर सावरगाव आणि पांढुर्णा समोरासमोर उभे राहतात. एरवी वर्षभर त्याच नदीवरून सोयरेधायरे ये-जा करीत असतात. नदी ओलांडणाऱ्याची विचारपूस दोन्ही तीरांनी करावी, ही आपली रीत आहे. समुद्र ओलांडणाऱ्याची विचारपूस मात्र आपल्याच तीराला करावी लागेल.

तो विद्यार्थी आज आपल्या भागातच स्वतःचे वेल्डिंगचे दुकान चालवतो. गेल्या वर्षी त्याचा पुतण्या परदेशी जाण्यास निघाला, तेव्हा तो त्याला करारपत्रासह माझ्याकडे घेऊन आला. या वेळी पेढे नव्हते. आम्ही तिघांनी तो कागद शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचला आणि दोन अटींचा खुलासा मागवला. मालकाचे लेखी उत्तर आले, आणि मगच त्या मुलाने सही केली.